पालकांचं एकमत

"माझ्या खुर्चीत बसलेला माणूस आजवर नाराज होऊन उठलेला नाही!" चेअरमननं छाती फुगवून सांगितलं, आणि तेवढ्यात खुर्ची हातगाडीवरून घसरून शाळेच्या फाटकात आडवी पडली.

चेअरमन म्हणजे सलूनवाला. शाळेच्या पालक समितीचा तो अध्यक्ष होता खरा, पण हे नाव त्याला त्यामुळे पडलं नव्हतं. गरगर फिरणारी, वर-खाली होणारी, दांडा ओढला की गिऱ्हाइकाला मागं झोपवणारी खुर्ची सगळ्या वस्तीत एकट्या त्याच्याकडे होती, म्हणून पडलं होतं. आज शिक्षण खात्याच्या मॅडम पालकांची मतं ऐकायला येणार होत्या, आणि मोठ्या माणसानं बसावं असं शाळेत काही नव्हतं. बाकं पोरांच्या मापाची. बाईंच्या खुर्चीला तीन पाय आणि चौथ्याच्या जागी विटा.

"काही झालं नाही तिला," खुर्ची उभी करत चेअरमन म्हणाला.

"दांडा वाकडा झालाय," बायको म्हणाली.

"तो आधीपासूनच वाकडा आहे."

"मालकासारखाच."

एरवी त्यानं उलट उत्तर दिलं असतं. आज वेळ नव्हता. पालकांचं मत वाईट निघालं तर शाळा बंद करायची आणि पोरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायची, असं वरून ठरून आलं होतं. त्या रस्त्यावर ट्रक असे सुटायचे की चेअरमन स्वतः तो ओलांडताना डोळे मिटायचा, म्हणजे आणखीच पंचाईत. त्याची लेक दुसरीत होती. शिवाय तो स्वतः याच शाळेत शिकला होता. चौथीपर्यंतच, पण दुकानाची पाटी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती ती त्याच जोरावर.

म्हणून गेला आठवडाभर जो कुणी दाढीला बसला, त्याला चेअरमननं दाढीबरोबर एक मतही दिलं होतं.

"मान हलवू नकोस," गळ्याशी वस्तरा धरून तो सांगायचा. "हं, आता म्हण. बाई फार प्रेमळ आहेत."

गळ्याशी वस्तरा असताना वेगळं मत कुणाचं निघतं? इस्त्रीवाल्याच्या वाट्याला बाईंचा प्रेमळपणा आला, बेकरीवाल्याच्या वाट्याला अभ्यासाची गोडी. नर्सताई मुलाचे केस कापून घ्यायला आल्या, त्यांना मुतारीची स्वच्छता मिळाली.

एका गोष्टीचा मात्र उच्चारसुद्धा करायचा नव्हता. छप्पर! वर्गाच्या बरोबर मधोमध छपराला भोक होतं. मॅडमना कळलं असतं तर इमारत धोकादायक म्हणून त्याच दिवशी कुलूप. बाईंनी भोकाखाली पोरांनी केलेला कागदाचा गुरू ग्रह टांगला होता. बाकीचे ग्रह चेंडूएवढे, गुरू टेबलाएवढा.

मॅडम आल्या. बरोबर कारकून. खुर्ची बघून मॅडम जरा थबकल्या, पण बाकं बघितल्यावर निमूट खुर्चीत बसल्या. चेअरमन त्यांच्या पाठीमागं उभा राहिला. त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधायला त्याचे हात शिवशिवत होते. त्यानं ते कसेबसे खिशात कोंबले.

खिशात कात्री होती. खूण ठरलेली होती. त्यानं एकदा कच्‌ केलं की एका पालकानं उठायचं आणि आपलं मत सांगायचं.

आता गंमत अशी, की चेअरमन घाबरला की त्याची कात्री आपोआप चालायची. समोर केस असोत की नसोत.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "शाळेबद्दल पालकांचं मत काय?"

कच्‌ कच्‌ कच्‌ कच्‌ कच्‌!

सगळा वर्ग एकदम उभा राहिला. "बाई फार स्वच्छ आहेत!" "मुतारीची गोडी लागली!" "अभ्यास प्रेमळ आहे!" कुणाचं मत कुणाच्या तोंडी, काही पत्ता लागेना. बेकरीवाला पहिल्या बाकात बसताना नुसता बसला नव्हता, रुतला होता. तो उठला तो बाकासकट. त्याच बाकावरचा इस्त्रीवाला घरंगळत थेट मॅडमच्या पायाशी.

"प्रेमळ आहेत," तो जमिनीवरूनच म्हणाला.

मॅडमनी हात वर केला. "पाठ केलेलं पुरे झालं. खरं काय ते सांगा."

चेअरमनच्या बायकोनं पदर खोचला.

"खरं सांगू? नळाला पाणी येत नाही. येतं तेव्हा बंद होत नाही."

"अगं!" चेअरमन कळवळला.

"दार लागत नाही," इस्त्रीवाला कपडे झटकत उठला. "कुत्रं येऊन बसतं वर्गात."

"ते कुत्रं तुझ्या पोरापेक्षा जास्त दिवस हजर असतं!" बेकरीवाला बाकातून ओरडला.

"तुझ्या पोराला अजून नवाचा पाढा येत नाही, ते बघ आधी."

"त्याला येईल हो कसा? पाढ्याच्या वेळी बाई त्याला नळ धरून बसायला लावतात!"

"मग कुणी धरायचा? मी?" बाई उसळल्या. "एक मी, चार वर्ग, त्यात तो नळ!"

"बाई ओरडतात पण फार," नर्सताई म्हणाल्या. "आमच्या दवाखान्यापर्यंत ऐकू येतं. पेशंटांचेसुद्धा पाढे पाठ झालेत."

चेअरमननं डोळे मिटून घेतले. मोठा रस्ता त्याला स्पष्ट दिसू लागला.

"एवढं सगळं वाईट आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तर मग पलीकडच्या शाळेत घाला की मुलं. तिकडे नळ आहे, दार आहे, शिक्षकही भरपूर आहेत."

भांडण जिथल्या तिथं थांबलं. सगळ्यांनी एकदम मॅडमकडे तोंड वळवलं. या वेळी कात्री वाजली नव्हती.

"का म्हणून?" इस्त्रीवाला म्हणाला.

"माझा पोरगा तापानं फणफणला तेव्हा बाईंनी त्याला खांद्यावर टाकून आणला दवाखान्यात," नर्सताई म्हणाल्या. "तिकडच्या भरपूर शिक्षकांना त्याचं नाव तरी कळेल का?"

"आणि तुम्ही कोण हो आमच्या शाळेला वाईट म्हणणार?" चेअरमनच्या बायकोचा आवाज चढला. "नावं ठेवायची तर आम्ही ठेवू. आमची पोरं शिकतात इथं! ती ट्रकच्या तोंडी द्यायची होय? नळ गळतो तर गळू दे. पोर सुखरूप घरी येते, आल्या आल्या मला वाचून दाखवते!"

"वाचते," बाई हळूच म्हणाल्या. "छान वाचते."

बेकरीवाल्यानं बाकासकट टाळ्या वाजवल्या. मग सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. बाहेरून कुत्रं भुंकलं.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. कारकुनाकडे वळून म्हणाल्या, "लिहा. पालकांचं मत चांगलं आहे. शाळा इथेच राहील."

काय जल्लोष झाला! बाईंनी नर्सताईंना मिठी मारली. आणि चेअरमन? गिऱ्हाईक खूश झालं की खुर्चीला पाठीमागून एक थाप द्यायची त्याची जुनी सवय. त्यानं थाप दिली.

दांडा सुटला. खुर्ची आडवी झाली. मॅडम उताण्या पडल्या, आणि त्यांची नजर सरळ वर गेली. गुरू ग्रहाच्या कडेनं लख्ख ऊन येत होतं. भोकाच्या काठावरून एक कबुतर मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होतं.

टाळ्या थांबल्या.

"हे कुणीच कसं बोललं नाही?" मॅडमनी पडल्या पडल्या विचारलं.

"त्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं," चेअरमनची बायको म्हणाली.

मॅडम बराच वेळ कबुतराकडे बघत राहिल्या. कारकुनाचं पेन कागदावर थांबलं होतं.

"लिहिलेलं खोडू नका," मॅडम शेवटी म्हणाल्या. "त्याच्याखाली लिहा. छपराची दुरुस्ती, तातडीनं. आणि मला आता उठवा."

चेअरमननं खुर्ची उभी करायला दांडा ओढला. दांडा त्याच्या हातात आला.