पंधराचा आकडा

बाईंचा नंबर बंद झाला तो मंगळवार धाकटी जन्मात विसरणार नव्हती.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायच्या, आणि त्यांना घरून आणून परत घरी सोडायचं काम धाकटीच्या कंपनीचं होतं. कंपनी म्हणजे तरी काय, सहा गाड्या, एक अ‍ॅप आणि पंचवीस वर्षांची धाकटी. त्याच डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर तिने तीन वर्षं काढली होती. दमलेले पेशंट गाडीसाठी रस्त्यावर ताटकळतात हे बघवेना, म्हणून नोकरी सोडून तिने हा उद्योग मांडला. अ‍ॅप लिहिलं तिच्या सख्ख्या मोठ्या भावाने. त्यात नियम असा होता, की गाडी दारात आल्यापासून पंधरा मिनिटांत पेशंट बसला नाही तर फेरी रद्द, आणि पेशंट 'गैरहजर'. तीनदा गैरहजर झाला की त्याचा नंबर बंद.

त्या मंगळवारी बाई तिसऱ्यांदा गैरहजर ठरल्या. होत्या कुठे? आत, खुर्चीवर, सुया काढलेल्या हातावर कापूस दाबून. रक्त थांबायला कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला चाळीस. बाईंना चाळीस लागायची. मग त्या बाहेर येऊन दीड तास फुटपाथवरच्या बाकावर बसून राहिल्या, कारण अ‍ॅप त्यांना ओळखच दाखवेना.

"अठ्ठावीस वर्षं मी हजेरी घेतली," त्या धाकटीला फोनवर म्हणाल्या. "वर्गात बसलेल्या मुलीची गैरहजेरी कधी लावली नाही."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच दादाच्या खोलीत शिरली. तो कानाला हेडफोन लावून बसला होता. नियम बदल, म्हणाली. तो म्हणाला, दोन महिने लागतील. एवढे कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने मान वरही केली नाही.

"तुला नाही कळायचं त्यातलं."

हे वाक्य तिने दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्याचा अर्थ सोडून नुसता टोचाच उरला होता. बरं, बाकीच्यांची तोंडं होतीच. एक सल्लागार भेटला होता, तो म्हणाला, कोडिंग येत नसेल तर मालकीण म्हणवून घेऊ नकोस. मामा म्हणाला, हॉटेल काढणाऱ्याने भांडी घासायला शिकायचं का? दोघांनीही तिला काय हवंय ते विचारलं नव्हतं. ती कोडिंग शिकली ती निव्वळ रागाने. रोज पहाटे पाचला उठून, गाड्या सुटायच्या आत दोन तास. एक कंस राहिला म्हणून अख्खी सकाळ पाण्यात जायची, तेव्हा ती स्क्रीनला ज्या शिव्या घालायची त्या ऐकून आई चहाचा कप दारातच ठेवून परत फिरायची. दादाला गंमत वाटली. त्याने तिला अ‍ॅपच्या कोडची वाट उघडून दिली. वाच हवं तेवढं, म्हणाला, फक्त हात लावू नकोस. तोवर बाईंची गाडी ती दर खेपेला स्वतः फोन करून बोलवत होती.

चौथ्या महिन्यात तिला तो आकडा सापडला. पंधरा. एका ओळीत, एकटा. त्याच्या मागेपुढे काही नव्हतं. दोन महिने म्हणे! कुणालाही न विचारता तिने पंधराचे साठ केले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा नाश्ता चवीने खाल्ला.

साडेअकरापर्यंत सहापैकी चार गाड्या सेंटरच्या दारात उभ्या होत्या. आतले पेशंट कापूस दाबून बसलेले, ड्रायव्हर निवांत, आणि दुपारच्या पाळीचे पेशंट आपापल्या घरी दाराकडे डोळे लावून. त्यांत बाई होत्या. त्या पोचल्या तासभर उशिरा. मशीन पुढच्या पेशंटला ठरलेल्या वेळी द्यावंच लागतं, म्हणून सिस्टरने त्यांचा एक तास कापला. चार तासांचं रक्त तीन तासांत कसं साफ व्हायचं, एवढंच सिस्टर धाकटीला म्हणाली. बाईंनी फक्त पुढच्या खेपेची वेळ विचारली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दादाने पंधराचा आकडा परत बसवला आणि मग तोंड सोडलं. म्हणून सांगत होतो, हात लावू नकोस. आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम, पण एक गाडी अडकली की पुढची तीन माणसं अडकतात, ते सगळं नव्याने बांधायला दोन महिने. धाकटीने पूर्ण ऐकून घेतलं. चूक तिची होती, बाईंचा तास तिने घालवला होता, आणि ते तिला आतून कुरतडत होतं. पण राग गेला नव्हता. उलट आता त्याला नेमकी जागा सापडली होती.

"हे आत्ता बोललास ना, गाडी अडकली की माणसं अडकतात, यात न कळण्यासारखं काय होतं?" ती म्हणाली. "त्या मंगळवारी हे एक वाक्य बोलला असतास तर मी साठ केलेच नसते. तुझं काम मी चार महिने शिकले, दादा. आता तू माझं चार तास शीक."

तो नको म्हणत होता. आईने त्याचा लॅपटॉप उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

पुढच्या खेपेला धाकटीने बाईंचा नंबर पुन्हा सुरू करून घेतला आणि परतीची गाडी मुद्दाम अ‍ॅपवरून मागवली. बाईंच्या शेजारच्या स्टुलावर दादा बसला. मशीन थांबलं, सुया निघाल्या. सिस्टरला पलीकडून हाक आली, तेव्हा तिने दादाला हातमोजे घालायला लावले, त्याची दोन बोटं कापसावर ठेवली आणि बजावलं, सोडायचं नाही. बोटांखाली बाईंची नाडी धडधडत होती. कापूस लाल व्हायला लागला तसा दादा पांढरा पडत गेला. दर मिनिटाला तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

पंधरा मिनिटं झाली आणि बाईंच्या मांडीवरचा फोन वाजला. बाईंनी मोकळ्या हाताने तो त्याच्यापुढे धरला.

"माझा चष्मा पिशवीत आहे. काय लिहिलंय?"

दादाने मनातल्या मनात वाचलं.

"मोठ्याने वाच."

"फेरी रद्द," तो म्हणाला. "पेशंट गैरहजर."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "मग तू हात कुणाचा धरलायस?"

दादाने बोटं कापसावर तशीच दाबून धरली. अजून पंचवीस मिनिटं जायची होती. काचेपलीकडे उभ्या असलेल्या धाकटीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि नेहमीसारखा ड्रायव्हरला स्वतःच फोन लावला.