चिमणाबाईंचे पाय

“हात न टेकता उठा बघू, मावशी.”

चिमणाबाईंनी खुर्चीवर टेकलेले हात उचलून मांडीवर घेतले, जोर केला आणि होत्या तिथेच राहिल्या. तिसऱ्या खेपेला दम लागला. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी पातळावरूनच त्यांची मांडी चाचपली. बोटं सरळ हाडाला लागली.

“जेवता काय?”

चिमणाबाईंनी मोठ्या अभिमानाने पथ्य सांगितलं. दही नाही, केळं नाही, त्याने कफ होतो. डाळ वातूळ. अंडं उष्ण. दुधाने छाती भरते. उरला मऊ भात, तो त्या तीन वर्षं खात होत्या. दम्यावर पथ्य सांगणारे गल्लीत पन्नास जण होते आणि बाईंनी एकालाही नाराज केलं नव्हतं.

“मावशी, श्वास घेणं हेच तुमचं दिवसभराचं कष्टाचं काम झालंय. त्याला अन्न लागतं. ताटातून मिळालं नाही की शरीर मांडीचं मांस काढून वापरतं. फुप्फुसं काही मी नवी देऊ शकत नाही, तो औषधाचा पंप ओढत राहा. पण पाय थोडे परत मिळतील. अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे. एकदम नाही, पोट गच्च झालं की दम लागेल. थोडं थोडं, सहा वेळा. आणि रोज या अशा उठाबशा.”

“किती महिन्यांत येतील पाय?”

“का, कुठे जायचंय?”

“जायचं नाय बाई. बसायचं हाय.”

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. सोबत आलेल्या सुनेला, साधनाला मात्र कळलं.

सातपूरच्या कामगार वसाहतीत चिमणाबाईंनी तीस वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ-माखू घातलं होतं. पहिल्या पाळीला सायकली हाणत जाणारी कितीतरी तरणी पोरं त्यांच्या पायांवर उताणी-पालथी होऊन मोठी झाली होती. जन्मात कधी विडी ओढली नाही. पण रोज चार घरी चूल फुंकून पाणी तापवायचं आणि मग निखाऱ्यांवर ओवा, शेपा, लसणाची सालं टाकून धुरी द्यायची. बाळ धुरीत दोन मिनिटं, बाळंतीण दहा मिनिटं, आणि बाई चारही घरी, वर्षानुवर्षं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही.

आणि त्यांची स्वतःची लेक छाया, लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली तरी रिकामी. लोकांची पोरं अंगाखांद्यावर खेळवून घरी आलं की पाय धुताना त्यांना रडू यायचं. यंदा दिवाळीत छायाला दिवस गेल्याचं कळलं. बाळंतपण माहेरी होणार होतं. त्या पोराला एक आंघोळ आपल्या पायांवर घालायची, एवढंच एक मागणं चिमणाबाईंनी देवाकडे मागितलं.

साधनाने मग सासूला बाळंतिणीसारखं खाऊ-पिऊ घालायला घेतलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

“आई, अंडं संपवा.”

“वास येतो गं.”

“आणि बायांना काय म्हणायच्या तुम्ही? पोराला दूध काय नळातून येणार हाय?”

चिमणाबाई निमूट घास घेत. दोन घास खाऊन थांबत, ओठांचा चंबू करून श्वास सोडत, पुन्हा दोन घास. दुपारी सगळे निजले की भिंतीला टेकून पाय लांब करत आणि फडक्यात गुंडाळलेला वरवंटा नडग्यांवर घेऊन बसत. आधी पाच मिनिटं, मग दहा. साधनाने एकदा दारातून पाहिलं आणि आल्या पावली मागे फिरली.

चैत्रात त्या हात न टेकता चार वेळा उठल्या. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली.

वैशाखात छातीत कफ धरला. आठ दिवस दवाखान्यात, तोंडावर वाफ, हाताला सलाईन, पोटात अन्न नाही. घरी आल्या तेव्हा पाच महिन्यांत आलेलं मांस आठ दिवसांत गेलेलं होतं. पाय बघून त्या पहिल्यांदा सुनेसमोर रडल्या.

पंधरा दिवसांनी छायाला मुलगी झाली. नाळ पडली तसं छाया चाचरत म्हणाली, “आई, न्हाऊ घालायला यशोदाबाईला बोलवू का?”

“बोलव की. उद्यापासून. आज मी.”

दोघींनी धरून त्यांना मोरीत पाटावर बसवलं. पातळ गुडघ्यांवर गेलं, पाय लांब झाले, आणि नात पायांवर आली. तेलाचा हात छातीवरून, दंडांवरून, पोटावरून फिरला. हात काही म्हणजे काही विसरले नव्हते. पोर टकामका बघत होती. छाया दारात डोळे पुसत उभी.

पालथं घालायची वेळ आली आणि पाय थरथरू लागले. चिमणाबाईंनी दात आवळले. थरथर पोरीला लागली, ती किंचाळून रडायला लागली. बाईंना श्वास पुरेना. त्या क्षणभर डोळे मिटून बसल्या.

“साधना, बस हितं माझ्या शेजारी. पाय लांब कर.”

“आई, मला नाय येत...”

“बस. डोकं पावलांकडं. पोर पाण्याला नाय भेत, आपल्या घाबऱ्या हाताला भेतं.”

नात त्यांच्या पायांवरून साधनाच्या भरल्या नडग्यांवर गेली आणि हळूहळू निवली. चिमणाबाई एकेक शब्दाला थांबत सांगत राहिल्या, पाणी कुठून सोडायचं, मान कशी धरायची. एक आंघोळ पुरी घालायची होती त्यांना. अर्धीच झाली.

पोरीला दुपट्यात गुंडाळून दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने साधना हात द्यायला परत आली.

“उठवू, आई?”

“बसू दे जरा.”

तेलाने माखलेले पाय त्यांनी अजून तसेच लांब ठेवले होते, पावलं जुळवून.