वाचायचं तेवढं वाच

सासरे लालासाहेब, म्हणजे आबा, पलटणीतून पेन्शनीत आले आणि वर्षभरात त्यांची नजर अधू झाली. तेव्हापासून कुंडल गावात एसटीनं पेपर आला की वाचून दाखवायचं काम माझं. पुढे मांडीवर मुलगीही आली. समोर आबा आणि त्यांचे चार सोबती.

"आमची सून बीए हाय. कशी फाडफाड वाचती बघा," आबा कौतुक करायचे. पण मी मध्येच काही बोलले की हात वर. "तू वाचायचं तेवढं वाच. अर्थ आमी लावतो."

आणीबाणीत वाचण्यासारखं उरलंच नव्हतं. उद्घाटनं, भाषणं, पुन्हा उद्घाटनं. मग सत्त्याहत्तरच्या जानेवारीत निवडणूक जाहीर झाली, सेन्सॉरची कात्री सैल पडली आणि पेपरात एकाएकी माणसं बोलायला लागली. तुरुंगातून सुटलेली, नोकरीवरून काढलेली. मी एकेक ओळ दोनदा वाचायचे. भाकरी थापताना तेच डोक्यात. राज्यशास्त्र घेऊन बीए झालेली मी, दीड वर्ष मुकाट उद्घाटनं वाचत बसले, याची स्वतःचीच चीड यायची.

मतदानाच्या सकाळी आबांनी घरातल्यांच्या यादीतल्या नाव-नंबराच्या चिठ्ठ्या आणल्या. माझी खिशातच ठेवली.

"आदी सांग, शिक्का कुठं मारणार?"

"ते माझं मी बघेन."

त्यांचे दोस्त आप्पासो फिदीफिदी हसले. "लालासाब, सुनंला पेपर लय चढला की गड्या!"

"चढू दे. चिठ्ठी माज्याकडं हाय."

माझं डोकंच फिरलं. "आबा, यादीत नाव असलं की चिठ्ठी लागत नाही. परवाच तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही अर्थ लावत बसलात."

आप्पासोंचं हसू थांबलं. आबा उठून उभे राहिले. "कृष्णातला पत्र टाकतो. तुला म्हायेरी धाडतो. पोरगी मात्र हितंच ऱ्हाईल, ध्यानात ठेव."

कृष्णात म्हणजे माझा नवरा, जम्मूला पलटणीत. तो बापाचा शब्द मोडणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी वर्षाच्या पोरीला काखेला मारलं आणि चालू लागले.

शाळेत बायकांची रांग होती. कारकुनानं चिठ्ठी मागितली.

"नाही. यादी बघा. अंजना, नवऱ्याचं नाव कृष्णात."

तो पानं उलटत राहिला. एकदाचं त्याचं बोट माझ्या नावाशी थांबलं, आणि माझ्या बोटाला शाई लागली. मुलगी ते बोट ओढून तोंडात घालायला बघत होती. तिला सावरत मी शिक्का मारला.

बाहेर फाटकाशी आबा. अर्धा गाव बघत होता. त्यांनी हात पुढे केले. आवाज अगदी मऊ.

"आण तिला हिकडं. दमली आसशील."

"नाही दमले."

पोर जड झाली होती, दंड भरून आला होता. काख बदलली आणि उन्हातून पुढे निघाले. मागून त्यांच्या वहाणा वाजत होत्या. मी पोरीला खाली ठेवलं नाही.