शून्यावरचा काटा

मिस्त्रीने डॅशबोर्डखाली आडवं होऊन वेगाच्या मीटरमागची केबल सोडवली आणि तिच्यातली तार चिमट्याने ओढली. तार अर्धीच आली. उरलेली अर्धी गिअरबॉक्सच्या बाजूने काढावी लागली. दोन्ही तुकडे त्याने फडक्याने पुसून बॉनेटवर ठेवले.

"तुटलीय, ताई. आजची नाही, जुनी तुटलीय. टोकं गंजलीत बघा."

मुलीला गंजाशी काही कर्तव्य नव्हतं. "म्हणजे आई गेली तेव्हाही तुटलेली असेल?"

"असेलही."

"मग काटा कमी दाखवत असेल ना? गाडी जोरात, आणि काटा मात्र तिसावर?"

"छे हो. तार तुटली की काटा शून्यावर पडून राहतो. मेलेला माणूस काय थोडा थोडा मेलेला असतो?" बोलून गेल्यावर मिस्त्रीने जीभ चावली.

आईला हॉस्पिटलात नेलं त्या दुपारी गाडीत दोघंच होती, आई आणि बाबा. "थोडं आधी आणायला हवं होतं," असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. बाबा मात्र त्या वाक्यातच राहायला गेले. गाडीवर ताडपत्री पडली. तरी रोज दुपारी ते ताडपत्रीची एक बाजू उचलून आत शिरत आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसत. मुलगी चहा घेऊन गेली की दिसे, त्यांची मान शेजारच्या रिकाम्या सीटकडे कललेली आहे, तिथून कोणी हळू आवाजात बोलत असावं तशी. ते कान देऊन ऐकत, मध्येच मान हलवत, आणि ती दिसली की सावरून बसत. एकदाच म्हणाले होते, "गाडी हळू नेली मी." मुलीला त्या सीटची भीती वाटे. आपल्याच आईला आपण भितो, याची लाजही वाटे.

"ते आले की एवढंच सांगा," ती मिस्त्रीला म्हणाली, "काटा कमी दाखवत होता, गाडी चांगली पळत होती."

"ताई, त्यांचा जन्म गेलाय या गाडीत. त्यांना ही थाप पचायची नाही."

"तुमचं ऐकतील. माझं ऐकत असते तर तुमची मनधरणी कशाला केली असती?"

मिस्त्रीने मान खाजवली. त्याने नव्या तारेला ग्रीस चोळलं, ती आवरणात सरकवली, दोन्ही टोकं कसली आणि केबल कुठे फार वाकत नाही ना, ते हात फिरवून पाहिलं. एवढा वेळ या कामाला लागत नाही. बाबा फाटकातून येताना दिसले तेव्हा तो अजून तेच आवळलेलं टोक आवळत होता.

पढवलेलं वाक्य त्याने जमिनीकडे बघत एका दमात म्हणून टाकलं. बाबांनी बॉनेटवरचे तुकडे उचलले आणि टोकाला टोक जुळवून पाहिलं.

"मिस्त्री, गाडीबद्दल तुम्ही असं खोटं कधी बोलला नाहीत," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. "काटा त्या दिवशी शून्यावरच होता. केबल आधीच गेली होती, मी आज करू उद्या करू म्हणत राहिलो. वेग तुझी आई सांगत होती."

"आई?"

"मीटरकडे बघायची आणि म्हणायची, अहो, सत्तर झाले. अहो, ऐंशी झाले, हळू."

"तिला दिसत नव्हतं?"

"चांगलं दिसत होतं. मलाही दिसत होतं. गाडी जेमतेम चाळीसवर असेल." त्यांनी तुकडे खाली ठेवले. "तिला परत हॉस्पिटलातल्या त्या खाटेवर जायचं नव्हतं गं. सरळ म्हणाली असती तर मी ऐकलं नसतं. म्हणून ऐंशी म्हणाली. आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. जितक्यांदा म्हणाली तितक्यांदा उचलला. अजून म्हणते. रोज."

मुलीला आधी राग आला, आणि तोही आईचा. दोघांनी मिळून परस्पर ठरवलं, आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. मग रडू आलं. मिस्त्री नळापाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

"चालवून बघायला हवी," तो तिथूनच म्हणाला. "काटा नीट चालतो का ते."

बाबांनी किल्ली त्याच्यापुढे धरली. तेवढ्यात मुलीने पुढचं दार उघडलं आणि ती आईच्या सीटवर जाऊन बसली. सीट ऊन लागून तापली होती. बाबा किल्ली हातात घेऊन उभेच राहिले, मग वळसा घालून आले आणि गाडीत बसले.

गाडी रस्त्याला लागली. काटा उठला, थरथरला आणि हळूहळू चढत चाळीसवर स्थिरावला. बाबांची नजर समोर होती, जबडा घट्ट मिटलेला. त्यांची मान मुलीकडे थोडी कलली होती. काटा तिला स्वच्छ दिसत होता.

"बाबा," ती म्हणाली, "ऐंशी झाले. हळू."

बाबांनी काट्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पाय उचलला.