नळीवरचा अंगठा

आमच्या घरात नव्याचं जुनं करून मिळतं. माझा धाकटा मुलगा पिस्तुलं बनवायचा, हवेची. दिसायला पार जुन्या काळची, तोंडातून दारू ठासायची तसली. पण आत नुसती हवा भरायची आणि बारकासा छर्रा मारायचा. हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी पुठ्ठ्यावर नेम धरतात त्यांनी. वरचा घोडा, खालचा ठासायचा गज, सगळा देखावा. "दिसायला आजोबा, आत फुसका," असं मी म्हणायचे आणि धाकटा हसायचा.

त्याने घडवलं की माझं काम सुरू. पितळेला व्हिनेगरची वाफ, लाकडाला चहाचं पाणी, वर किल्ल्यांच्या जुडग्याचे चार टोले. शाळा मी चौथीत सोडली, पण कालच्या नळीला माझ्यासारखं म्हातारपण कुणी आणून दाखवावं.

धाकटा गेला तो साध्या तापाने. ताप डोक्यात चढला, उतरलाच नाही. टेबलावर दातांच्या डॉक्टरचं पिस्तूल अर्धवट राहिलं. मूठ तयार होती, नळी फडक्यात गुंडाळलेली होती.

डॉक्टरने महिना उलटू दिला आणि दारात उभा.

"काकू, घाई नाही. पण त्याच्या हातचं शेवटचं आहे, मला हवंय."

"घाई नाही तर चपला का नाही काढल्या? रविवारी या. या घरातनं शब्द आणि माल, दोन्ही वेळेवर जातात."

त्याला वाटेला लावलं आणि फडकं सोडलं. नळीच्या मधोमध गंजाचा डाग. उजेडात धरली, तर अंगठा. धाकट्याचा. उघड्या पोलादाला घामाचा हात लागला आणि पुसला नाही, की बोट तसंच गंजून उमटतं, रेघ न् रेघ. त्याच्या बोटाला कानशीने कापल्याची तिरकी खूण होती, तीही मधून उमटली होती. तापातच काम करत बसला असणार. मला कळलं नाही.

सूनबाई, धाकट्याची बायको, मागे येऊन उभी होती. तिनेही ती खूण ओळखली.

"आई, हे घासणार तुम्ही?"

"मग काय, डागासकट देऊ? स्वच्छ केल्याशिवाय नळी रंग धरत नाही."

"डॉक्टरांना नाही म्हणा."

"धाकट्याने शब्द दिलाय गं."

"हेही त्यांनीच दिलंय."

ही पोर बोलते कमी, पण बोलली की खिळा ठोकते.

रविवारी सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसले. एका टोकाकडून घासत आले, बोटभर अलीकडे हात थांबला. दुसऱ्या टोकाकडून आले, तिथेही तेच. मधे तेवढा पट्टा राहिला. लोक मला दगड म्हणतात आणि मला ते आवडतं. पण पेपर काही पुढे सरकेना.

डॉक्टर आला. आज चपला काढून आला.

"नळी बिघडली," मी म्हटलं. "माझ्या हातून. जास्त घासली गेली."

"तुमच्या हातून?"

"माझ्याच. वय झालं, हात स्थिर राहत नाही आता."

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. "असू द्या काकू, होतं असं," म्हणाला, एखाद्या रोग्याशी बोलावं तसा. त्यापेक्षा शिवी दिली असती तर मी परत तरी दिली असती. मूठ त्याच्याच पंजाच्या मापाची होती, ती कागदात बांधून दिली.

आठवड्यात त्यांच्या नेमबाजीच्या क्लबभर झालं, म्हातारीचा हात गेला. बाजारातला एक कारागीर माझ्याकडे पितळ पाठवायचा, त्यानेही बंद केलं. केलं तर केलं.

नळी सूनबाईच्या कपाटात असते. तेल लावलं की गंज पुढे सरकत नाही, पण फडक्याने लावलं तर आहे तोही पुसून जायचा. म्हणून पिसाने लावायचं, हे तिला मी शिकवलं. काल पीस माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, तुम्हीच लावा. तुमचा हात हलका आहे."

"हात गेलाय माझा. ऐकलं नाहीस का?"

ती हसली. धाकटा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तिचे खांदे थांबेपर्यंत मी तेल लावत राहिले.