सव्वीस नंबरची चाल

आमच्या टॅलो क्रीकच्या शाळेची बस आर्लीन टिकोटा चालवते. एकोणीस वर्षं झाली. सकाळी पोरं आणते, दुपारी घरोघर सोडते आणि अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा, संघ परगावी निघाला की त्यालाही नेते. सामना चालू असताना बाकीचे ड्रायव्हर बसमध्ये डुलक्या काढतात. ही मात्र आमच्या बाकामागे, कुंपणाला टेकून, कॉफीचा थर्मास घेऊन उभी.

मी त्याच शाळेत इतिहास शिकवतो आणि डेल्मार व्होसिकांच्या हाताखाली दुय्यम कोच म्हणून राबतो. त्या वर्षी पाच सामने झाले होते आणि चार आम्ही हरलो होतो. सहाव्या सामन्यात मी पाण्याच्या बाटल्या घ्यायला कुंपणापाशी गेलो, तेव्हा आर्लीन स्वतःशीच पुटपुटत होती.

"उजवीकडे पळणार."

आमचा पोरगा चेंडू पोटाशी धरून उजवीकडे पळाला आणि चौघांच्या ढिगाखाली गेला.

"आता तेच, डावीकडून."

तेच झालं, डावीकडून.

"आता आखूड फेक. कोपऱ्यातल्या उंच पोराला."

उंच पोराकडे फेक गेली. तिथे समोरच्यांचे दोघं आधीच हजर होते, जणू त्याला जेवायला बोलावलं होतं.

आमचा खेळ तसा साधा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुढचे चार मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. दर प्रयत्नाआधी कोच बाहेरून चाल सांगतो. त्या दिवशी मी बाटल्या तशाच ठेवून मोजत बसलो. दहा चालींपैकी नऊ आर्लीनने आधीच ओळखल्या. दहावी चुकली ती आमच्याच पोराचा पाय घसरला म्हणून.

सोमवारी मी कोचना सांगितलं. ते चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाच्या, वाडग्यात दालचिनीचा रोल बुडवत होते.

"बसवाली ओळखते?" त्यांनी विचारलं.

"दहात नऊ."

"मग ओळखू दे की. सव्वीस नंबरची चाल सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. माहीत असूनही थांबवता येऊ नये, याला फुटबॉल म्हणतात."

सव्वीस म्हणजे उजवीकडची ती धाव. कोचचं म्हणणं एके काळी खरंही होतं. तेव्हा संघात साठ पोरं असायची आणि पुढची फळी म्हणजे गवताचे भारे उचलून तयार झालेले खांब. सव्वीस येतेय हे समोरचे जाणायचे, आणि तरीही आडवे व्हायचे. आता गावात बिऱ्हाडं उरली होती थोडी. बावीस पोरं, त्यांतली निम्मी माझ्या खांद्याला लागणारी. खांब गेले होते, चाल तीच राहिली होती. त्यातून आता प्रत्येक शाळेचा कोच घरी बसून आमच्या सामन्यांचं चित्रण पाहतो. आम्हाला ओळखायला त्यांना फार हुशारीही लागत नव्हती.

मी हे सगळं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "मंगळवारच्या सरावाला त्यांना बोलवू का?"

"बोलव. हौस फिटू दे तुझी."

डेल्मार आणि आर्लीन याच शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे बोलताना दोघांमध्ये मुलाहिजा नव्हता. मंगळवारी ती मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसली. कोच चाल सांगायचे आणि ती खुर्चीतून आधीच ओरडून मोकळी. पोरं हसायला लागली. विसाव्या चालीनंतर कोच तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"कसं ओळखतेस?"

"पहिल्या प्रयत्नाला तू सव्वीस सांगतोस. तीन यार्डांच्या आत अडलं तर तीच उलट्या बाजूने. तिसऱ्याला फेक. आणि फेक सांगायची असली की आधी टोपी काढून डोकं खाजवतोस."

"मी नाही खाजवत."

"डेल्मार, तू नववीत गणिताच्या पेपरातही खाजवायचास."

कोचनी टोपी हातात घेतली होती, ती गुपचूप डोक्यावर ठेवली.

त्या रात्री ते झोपले नसावेत, कारण बुधवारी आले ते चार पानी कागद घेऊन. नवीन चाली, नवे बाण, नवी वर्तुळं. पोरांनी तासभर एकमेकांवर आपटून घेतलं. आर्लीन बघत राहिली.

"चाली वाईट नव्हत्याच रे तुझ्या," ती म्हणाली. "क्रम वाईट होता. आहेत त्या चारच राहू देत. फिरवून सांग."

गुरुवारी कोचनी फिरवून सांगितलं. पहिल्या दहा चालींत ती चार वेळा चुकली आणि कोचची छाती फुगली. पुढच्या दहात तिची एकही चूक झाली नाही.

"आता काय?" कोच वैतागले.

"आता तू एकदा पळ, एकदा फेक, एकदा पळ, एकदा फेक असं करतोयस. सुईण बदलली, बाळंतपण तेच."

कोच खाली गवतावर बसले. साठीच्या माणसाला एकदम असं बसताना पाहून पोरं खेळ सोडून जवळ आली. मग मला म्हणाले, "वेंडेल, माझ्या डोक्यातून निघणारी कुठलीही गोष्ट ही बाई ओळखणार. म्हणजे ती माझ्या डोक्यातून निघता कामा नये."

त्यांनी थॅड रीमरला हाक मारली. थॅड आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीला चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो. शांत पोरगा. कोच विचारतील तेवढंच बोलणारा.

"उद्यापासून मी तुला एक नाही, दोन चाली सांगेन. तू समोर बघ. उजवीकडे गर्दी दिसली तर डावीकडची घे. सगळे पुढे सरसावले असतील तर फेक. ठरवायचं तू."

"मी चुकलो तर?"

"मी तीस वर्षं चुकतोय. तुझी पाळी येऊ दे."

शुक्रवारी सामना ब्रेमरशी होता. त्यांनी आम्हाला सलग सात वर्षं हरवलं होतं. पहिल्या अर्ध्यात थॅड बावरलेला होता, दोनदा त्याने चुकीची बाजू निवडली. कोच ओठ चावत होते, पण एकदाही ओरडले नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात पोराचे डोळे उघडले. ब्रेमरची पोरं सवयीने उजवीकडे गोळा व्हायची आणि आम्ही डावीकडून सात यार्ड, नऊ यार्ड काढायचो. मग ती विखुरली, तर फेक. ब्रेमरचा कोच सारखे कागद उलटत होता.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा ते वीस, आम्ही सोळा. चौथा प्रयत्न. टचडाउनची रेषा, जिच्यापलीकडे चेंडू नेला की सहा गुण, चार यार्डांवर. मी कुंपणाकडे बघितलं.

"फेक," आर्लीन म्हणाली. तिने थर्माससुद्धा खाली ठेवला होता.

थॅडने समोर पाहिलं. ब्रेमरवाले फेक अडवायला मागे सरकले होते, डावीकडेही पसरले होते. उजवी बाजू जवळजवळ मोकळी. इतक्या वर्षांत ती तशी कुणी पाहिली नव्हती. त्याने हाताने खूण केली आणि चेंडू उजवीकडे पळणाऱ्याच्या पोटात दिला. सव्वीस. पोरगा कुणाचा हातही न लागता रेषेपलीकडे गेला आणि तिथे उभा राहून मागे बघू लागला, आपलं काही चुकलं तर नाही ना म्हणून.

कोचनी मला विचारलं, "त्याने काय घेतलं? सव्वीस?"

"सव्वीस."

"मला वाटलं फेकेल."

ते इतकंच म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

ब्रेमरला हरवून झालं, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही राज्यातल्या चांगल्या संघांपैकी एकाकडे गेलो. थॅड उत्तम खेळला. त्यांना आमची एकही चाल आधी कळली नाही. आम्ही एक्केचाळीस विरुद्ध सहा असे हरलो, कारण त्यांच्या फळीतला सगळ्यात लहान पोरगा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या पोराएवढा होता.

परतताना आर्लीनने पेट्रोलपंपाशी बस थांबवली. कोचनी सगळ्यांसाठी तळलेलं चिकन घेतलं आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे, येऊन बसले. एरवी हरल्यावर ते घरापर्यंत कुणाशी बोलत नसत.

"आज किती ओळखल्यास?" त्यांनी विचारलं.

"निम्म्यासुद्धा नाही."

"आणि तरी धुतलं आपल्याला."

"धू धू धुतलं," आर्लीन म्हणाली.

कोचना हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि मग मागच्या सीटवरची पोरंही, कारण न कळता, हसायला लागली. थॅड चिकनचा पाय हातात धरून विचारत होता, पुढच्या आठवड्यात दोनऐवजी तीन चाली दिल्या तर चालतील का.