वाऱ्यात न हलणारी काडी

“काळी धरा, ताई. जुनी बघून धरा. पांढरीत दम नसतो,” यान डॉक्टर दारातूनच म्हणाले आणि आत गेले.

मी खुराड्यात हात घातला. बाहेर बर्फ मिसळलेला पाऊस पडत होता, आणि घरात डॉक्टरांची बायको बाओल्येन सकाळपासून ओकत होती. कोंबडी मी धरली, मी कापली, पिसंही मीच काढली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे गावाने सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारला आणि माझं नाव कोणी घेतलं नाही. शेजारीण म्हणून तीस वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिले, तर वाट्याला आलेलं नको म्हणून कसं चालेल?

आमच्या डोंगरात थ्येनमा होतो. दिसायला बटाट्यासारखा कंद, पण त्याला ना पान ना मूळ. जमिनीत पुरलेल्या कुजत्या ओंडक्यांवर तो पोसतो. उन्हाळ्यात त्यातून बाणासारखी एक तांबूस काडी वर येते. जुनी माणसं सांगतात, वारा सुटला तरी ती काडी हलत नाही, आणि वारा नसला की आपली आपण डोलते. म्हणून म्हणे हा कंद कोंबडीबरोबर शिजवून खाल्ला की चक्कर थांबते. मी जन्मापासून बघते आहे, वाऱ्यात ती इतर काड्यांसारखीच हलते. पण हे बोलायची सोय नाही. अख्ख्या खोऱ्याची चूल त्या कंदावर पेटते.

यान डॉक्टर म्हणजे काही कॉलेजातले डॉक्टर नव्हेत. एकोणिसाव्या वर्षी त्यांना सरकारने चार महिने शिकवलं, खांद्याला औषधांची पेटी दिली आणि डोंगरात सोडलं. ताप, जुलाब, बाळंतपणं, सगळं त्यांनी केलं. पण नाव झालं ते चक्करेवर. दुरून दुरून माणसं भिंतीला धरत यायची आणि चार दिवसांनी ताठ चालत जायची.

मीही त्यातलीच. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी अंथरुणात कूस बदलली आणि घर गरागरा फिरलं. मला वाटलं, भूकंप झाला. डॉक्टरांनी मला पलंगावर आडवं केलं, डोकं कडेवरून खाली लोंबकळत ठेवलं, एका बाजूला वळवलं, थांबले, मग दुसऱ्या बाजूला वळवलं आणि उठवून बसवलं. म्हणाले, कानात वाळूसारखे बारीक कण असतात, एखादा जागा सोडून भलत्या नळीत शिरला की माणसाला सगळं फिरताना दिसतं, त्याला हळूहळू परत जागेवर घालवायचं. हे ते जिल्ह्याच्या शिबिरात शिकून आले होते. मग त्यांनी थ्येनमा घातलेलं सूप पाजलं. मी बरी झाले आणि गावभर सुपाचे गोडवे गात फिरले.

एकदा मी त्यांना विचारलंही, की बरी तर मी मान वळवून झाले, मग कंदाचं नाव का होऊ देता? ते हसले. “मान वळवली ते लोकांना औषध वाटत नाही, ताई. पोटात गेलं तरच औषध.” झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही पुढे कधी बोलले नाही.

तर त्या वर्षी तालुक्याच्या गावी थ्येनमाची जत्रा ठरली होती. प्रांताच्या राजधानीतून टीव्हीवाले येणार, मोठे अधिकारी येणार, आणि व्यासपीठावर यान डॉक्टर बसणार. बाजारात घराएवढा फलक लागला होता, त्यावर हातात कंद धरलेला त्यांचा फोटो. बाओल्येनने त्यांचा निळा कोट आठ दिवस आधीच उन्हात घालून ठेवला होता. तिला त्या फलकाचं भारी अप्रूप. “फोटोत दात बरे आलेत. घरी कधी एवढे दाखवत नाहीत,” असं ती म्हणायची.

जत्रेच्या आदल्या सकाळी ती शेगडीत कोळसा घालायला वाकली आणि डावीकडे कलंडली, मग तिला उठताच येईना. मी हाक ऐकून गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला लोखंडी शेगडीजवळ खुर्चीत बसवलं होतं आणि ती बादलीत ओकत होती.

तिची मान त्यांनी आधीच वळवून पाहिली होती. उपयोग झाला नव्हता. मग त्यांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि आपलं बोट उभं धरलं.

“माझ्या बोटाला हात लाव. आता स्वतःच्या नाकाला लाव.”

उजव्या हाताने तिने ते केलं. डावा हात मात्र बोटाला चुकला आणि नाकाऐवजी कानावर जाऊन आदळला. तिला त्याचंच हसू आलं. डॉक्टरांनी परत करायला लावलं. परत कानावर. मग त्यांनी तिला काखेत धरून उभं केलं आणि क्षणभर हात सोडला, तर ती पोत्यासारखी डावीकडे गेली. मी धरली म्हणून बरं.

डॉक्टर परत स्टुलावर बसले. मी त्यांचं तोंड बघत होते. मला वाटलं ते विचार करताहेत. आता कळतं, विचार करून झाला होता.

“अशक्तपणा आहे,” ते म्हणाले. “सूप पोटात गेलं की उतरेल.”

मी म्हटलं, गावातला छाय भाड्याने गाडी चालवतो, त्याची गाडी बोलावते, खाली जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवून आणू. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतोय म्हणाले, वळणावर गाडी घसरेल. ते खोटं नव्हतं. पण छाय हिवाळ्यात चाकांना साखळ्या लावून रोज खाली जातो, हे त्यांनाही माहीत होतं.

मग बाओल्येनच बोलली. जीभ जड झाली होती तिची, दारू प्यायल्यासारखी.

“गाडी नको, ताई. भर बाजारातून जावं लागेल. उद्या हे फोटोखाली बसणार, आणि आज यांच्याच बायकोला चक्कर म्हणून दवाखान्यात नेतात, हे सगळे बघणार. लोक कंदांनी मारतील यांना.”

डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नाही म्हणाले नाहीत. मी तरी कुठे म्हणाले? मी कोंबडी धरायला गेले.

ठेवणीतला सगळ्यात मोठा कंद त्यांनी काढला. त्याचे काप केले, आल्याचा तुकडा ठेचून घातला. वाटीभर सूप त्यांनी तिला चमच्याने पाजलं, तेवढं तिने ओकून टाकलं. दुसरी वाटी थोडी टिकली. संध्याकाळी तिला झोप लागली, तर म्हणाले, झोप चांगली असते. पडलो तरी नाक वर, ही आमच्या डोंगराचीच खोड आहे. मला त्यांचा राग येतो तेव्हा मी हे स्वतःला ऐकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिची नाडी धरून खूप वेळ बसले. मग निळा कोट चढवला. मला म्हणाले, तिच्याजवळ बसा, दुपारी येतो. दारात दोनदा थांबले. पहिल्या वेळी शेगडीत कोळसा घालायला सांगितलं. दुसऱ्या वेळी नुसतं तिच्याकडे बघून गेले.

दहाच्या सुमाराला मी तिला पेज भरवायला उठवलं, तर ती उठेना. हलवलं तर डोळे अर्धे उघडायचे, दोन वेगळ्याच दिशांना बघायचे आणि मिटायचे. मी डॉक्टरांना फोन लावला. चारदा लावला. मग मी कोणाला न विचारता छायला बोलावलं. आम्ही तिला गोधडीत गुंडाळून मागच्या बाकावर आडवी केली आणि तिचं डोकं मी मांडीवर घेतलं.

बाजाराच्या तोंडाशी गाडी अडकली. इकडे ढोल, तिकडे कंदांच्या टोपल्या, माणसांची ही गर्दी. छाय हॉर्नवर हात दाबून बसला. समोर व्यासपीठ होतं, आणि त्यावर माईकसमोर आमचे डॉक्टर उभे, छातीवर लाल कागदाचं मोठं फूल. आमच्या डोंगरातला माणूस चाळीस वर्षं कसा ताठ चालत आला, असं काहीतरी सांगत होते. त्यांनी गाडी बघितली. छायची गाडी ते ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार?

बोलणं मध्येच तुटलं. ते पायऱ्यांवरून उतरले आणि गर्दीतून आमच्याकडे आले. लोक बाजूला होत गेले. दार उघडून त्यांनी तिच्या पापण्या वर करून बघितल्या आणि आत बसले. खिडकीशी माणसं दाटली. मग मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, ही तर डॉक्टरांचीच बायको. हिला काय झालं?”

छायने गाडी काढली.

दवाखान्यापर्यंत तीन तास लागले. ते फूल काढायचं त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि मला सांगायचा धीर नव्हता. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, चष्मा लावलेला, बोलायला नम्र. तो म्हणाला, मेंदूच्या मागच्या भागात रक्त पोचत नाहीये, आता सूजही आली आहे. कधीपासून?

“काल सकाळपासून,” यान डॉक्टर म्हणाले.

तो पोरगा त्या फुलाकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “काका, तुम्ही गावात वैद्यकी करता ना? बोट आणि नाक करून पाहिलं होतंत का?”

मला तोवर त्या बोट-नाकाचा अर्थ ठाऊक नव्हता. पोराने ज्या आवाजात विचारलं, त्यावरून तो कळला: चक्कर कानातली की मेंदूतली, ते त्याने ओळखायचं.

“पाहिलं होतं,” यान डॉक्टर म्हणाले.

“मग?”

त्यांनी खाली बघितलं, तेव्हा त्यांना ते फूल दिसलं. त्यांनी ते काढलं आणि कुठे ठेवावं ते न कळून मुठीत धरून राहिले.

बाओल्येनची कवटी उघडून पाणी काढलं. ती वाचली. एक दिवस आधी आणली असती तर काय झालं असतं, हे तिथे कोणी सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी कोणाला विचारलं नाही. दोन महिन्यांनी ती घरी आली. मुलगा दूर निंगबो शहरातल्या कारखान्यातून येऊन आठ दिवस राहिला, बापाशी एक शब्द न बोलता परत गेला. ती पूर्वी पाठीवर मणभर मका घेऊन ओढ्यावरच्या एका ओंडक्यावरून पलीकडे जायची. आता शेगडीपासून दारापर्यंत, दारापासून खुराड्यापर्यंत आणि तिथून संडासापर्यंत डॉक्टरांनी दोर बांधले आहेत. दोराला धरून ती डावीकडे झुकत जाते आणि कोंबड्यांना दाणे टाकते. निम्मे दाणे भलतीकडे पडतात. कोंबड्यांना आता सवय झाली आहे.

अजूनही माणसं भिंतीला धरत येतात. डॉक्टर त्यांना आधी अंगणात सरळ रेषेत चालायला लावतात, मग बोट-नाक करायला लावतात. ज्याला जमत नाही त्याला छायच्या गाडीत घालून खाली धाडतात, तो कितीही ओरडला तरी. ज्याला जमतं त्याची मान वळवतात आणि सांगतात, घरी जा, कंद लागत नाही. हे ऐकून गाव त्यांच्यावर भडकलं आहे. आपल्या पोटावर पाय देतो म्हणतात. फलक तर दुसऱ्याच दिवशी उतरला होता. मीही एकदा म्हटलं, डॉक्टर, थोडं सूप द्यायला काय जातं, मनाला आधार असतो. ते म्हणाले, “आधार होता म्हणूनच मी थांबलो, ताई.”

आता तिसरं वर्ष आहे. संध्याकाळी मी बटाटे सोलायला त्यांच्याच शेगडीशी जाते, दोन घरांत कोळसा कशाला जाळा. जेवणाआधी त्यांचा एक नेम आहे. डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसतात आणि बोट उभं धरतात. डावा हात हवेत हेलकावे खात येतो, बोट शोधतो, कधी सापडतं, कधी नाही. मग तो तिच्या चेहऱ्याकडे वळतो. दवाखान्यातल्या पोराने पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, यापुढे फार सुधारणा व्हायची नाही.

काल तो हात गालावर थांबला. ती थोडा वेळ तसाच ठेवून बसली.

“नाकाला लागलं का?” तिने विचारलं. “खरं सांगा.”

“नाही लागलं,” डॉक्टर म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या.”

डॉक्टरांनी तिचा हात खाली आणून मांडीवर ठेवला आणि सांडू नये म्हणून तिची वाटी अर्धीच भरली.